आतड्याचे अस्तर आणि कर्करोग



देहाची वाढ आणि कर्करोग या दोन निराळ्या गोष्टी, असे आम्ही पुष्कळ दिवस समजत होतो. आतड्याकडे पाहिले म्हणजे हा समज टिकत नाही.

आतड्याचे अस्तर चार-पाच दिवसांत नवे होते. त्यातील सूक्ष्म खळग्यांच्या तळाशी मूलपेशी असतात. त्यांची संतती वर सरकते आणि शेवटी गळून पडते. मूलपेशींना सतत विभागत ठेवणारा संदेश ‘विंट’ जनुकांच्या कुळातला. त्यातील पहिले जनुक नुसे व व्हार्मस यांना १९८२ साली सापडले, ते उंदराच्या स्तनातील गाठीत! फळमाशीला पंख फुटण्यास लागणाऱ्या जनुकाचेच ते भावंड, हे १९८७ साली कळले.

या संदेशास लगाम घालणारे जनुक ‘एपीसी’. तरुणपणीच मोठ्या आतड्यात पॉलिप नावाच्या शेकडो गाठी येणाऱ्या घराण्यांच्या अभ्यासातून ते १९९१ साली हाती आले. पुढे २००९ साली नेदरलंड्समध्ये हान्स क्लेव्हर्स व सहकाऱ्यांनी उंदरांच्या मूलपेशींतून ते काढताच गाठी वाढत गेल्या. वर सरकलेल्या अल्पायुषी पेशींतून काढले असता त्या बहुधा खुंटल्या.

अशा घराण्यात आईबापांपैकी एकास हा दोष असल्यास प्रत्येक अपत्यास तो येण्याचा संभव निम्मा असतो. म्हणून दहा-बाराव्या वर्षापासूनच दुर्बिणीने आतडे तपासू लागतात. परंतु सोयरीक मोडेल या धास्तीने आपण घरातले दुखणे झाकतो, आणि मुलगा डॉक्टरांपुढे बसतो तेव्हा चुलते कशाने गेले, हे त्यास सांगता येत नाही.