सत्कार करा, पण कसोटी लावून!
(जिल्हा बैठकीतील भाषण)



1832 साली 6 जानेवारीला बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' काढले. त्या दिवशी गावोगाव पत्रकारांचे सत्कार होतात. यंदा आपणही पत्रकाराला पुरस्कार द्यावा, अशी सूचना आली आहे. आमची ना नाही. पण 'आपली बातमी छापतो तो चांगला' ही कसोटी आम्हाला मान्य नाही.

अमेरिकेत 1917 पासून पुलित्झर पुरस्कार दिले जातात. 2017 सालचा अग्रलेखांचा पुरस्कार आर्ट कलेन यांना मिळाला. त्यांचे 'स्टॉर्म लेक टाइम्स' हे आयोवा राज्यातले, मका-सोयाबीनच्या मुलखातले, आठवड्यातून दोनदा निघणारे घरगुती पत्र होते. खप तेव्हा जेमतेम 3000.

प्रकरण काय होते? मक्याच्या रानातले नायट्रेट जमिनीखालच्या निचऱ्याच्या नळ्यांतून रॅकून नदीत उतरत होते. खाली डे मॉइन शहर तेच पाणी पिते. शहराच्या पाणीपुरवठा संस्थेने 2015 साली वरच्या तीन काउंट्यांच्या निचरा मंडळांवर दावा लावला. काउंट्यांच्या वकिलांची बिले कोणीतरी बाहेरून भरत होते, पण नावे गुप्त होती. कलेन यांचा वाचक शेतकरी, गावाचे पोट शेतीवर. तरी त्यांनी विचारले, हा पैसा कोणाचा? पिच्छा पुरवल्यावर त्यामागे शेतीधंद्यातल्या बड्या संघटना असल्याचे उघड झाले. 2017 साली दावा फेटाळला गेला, पण नदीतले नायट्रेट काही निकालाने गेले नाही.

शेतकऱ्याचे नाव पुढे करून कोण काय वाचवतो, हे शेतकऱ्याला सांगणे म्हणजे शेतकऱ्याशी वैर नव्हे. जमीन आणि पाणी शेवटी त्याचेच आहे.

दुसरी गोष्ट आपल्याकडची. पी. साईनाथ यांनी 2021 साली आंध्र प्रदेश सरकारचा पुरस्कार नाकारला. ज्या सरकारांविषयी लिहायचे, त्यांच्याकडून पत्रकाराने पुरस्कार घेऊ नये, ही त्यांची भूमिका. मग आपल्याविषयी लिहिणाऱ्याने आपली शाल का घ्यावी?

म्हणून आमचा प्रस्ताव असा. पुरस्कार द्यायचाच, तर निवड संघटनेबाहेरच्या जाणत्यांनी करावी. कंपनीचा किंवा कारखान्याचा पैसा त्यात नको. संघटनेवर टीका करणारे लेखनही विचारात घ्यावे. आणि शालीआधी पत्रकारांना बाजार समितीच्या पट्ट्या, उसाच्या वजनाच्या पावत्या आणि आपल्या संघटनेचा जमाखर्च द्यावा. त्यातून जो खरे लिहील, त्याचा सत्कार गाव आपणहून करील.