मरणापूर्वींचा एक प्रश्न
(महोत्सवानिमित्त दिलेलें व्याख्यान)



मरणापूर्वीं एकाच प्रश्नाचें उत्तर मिळणार असेल, तर मनुष्यानें काय विचारावें, असा विषय महोत्सव-मंडळानें मजकडे सोंपविला आहे. तरुणांस वाटेल, कीं स्वर्ग कसा आहे, जगाचा अंत केव्हां होईल, असे थोर प्रश्न त्या वेळीं मनांत येत असावेत. रुग्णांच्या उशापाशीं मला ऐकूं येतो तो प्रश्न निराळा असतो. "फादर, तो गेला, मग मी कां राहिलों?" कोणाचा धाकटा भाऊ गेलेला असतो, कोणा आईचें मूल, कोणा रेल्वे कामगाराचा पाळी बदलून कामावर गेलेला सोबती.

या प्रश्नाची एक जुनी कथा आपल्या शेजारीं ठाण्यांत घडली आहे. आपण रोज गाडीनें तें स्टेशन ओलांडतों, पण ती कथा ठाऊक असणारे थोडे.

इ. स. १३२१ मध्यें होर्मुझहून कोल्लमला निघालेलें एक गलबत वाऱ्यानें ठाण्यास लागलें. त्यांत चीनकडे जाणारे चार फ्रान्सिस्कन बंधु होते : तोलेंतिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि तिफ्लिसचे दिमेत्रियुस. पांचवे, डॉमिनिकन संघाचे फादर जोर्दानुस. ठाण्यांत तेव्हां नेस्टोरियन पंथाच्या ख्रिस्ती लोकांचीं पंधरा घरें होतीं, त्यांपैकीं एका घरीं हे पाहुणे उतरले. फादर जोर्दानुस बाप्तिस्मा देण्यासाठीं भडोचकडे निघाले. मागें यजमान पतिपत्नींचें भांडण झालें, पत्नीनें काजीकडे फिर्याद नेली, पाहुण्यांस साक्षीला बोलाविलें, आणि घरगुती तंट्यांतून गोष्ट धर्मवादावर गेली. ९ एप्रिल रोजीं तिघांस ठार मारिलें. सामान राखण्यास घरीं राहिलेले पीटर ११ तारखेस मारिले गेले. (सात शतकांपूर्वींच्या त्या काजीचा हिशेब कोणीं आपल्या आजच्या मुसलमान शेजाऱ्यांकडे मागूं नये, हें येथेंच सांगून ठेवतों.)

फादर जोर्दानुस परत आले आणि त्यांनीं सोबत्यांचे देह सोपाऱ्यास नेऊन पुरले. त्याच वर्षीं ऑक्टोबरमध्यें त्यांनीं इराणांतील धर्मबंधूंस पत्र लिहून मदतीस माणसें मागितलीं. अडीच वर्षांनंतरच्या पत्रांत ते एकटेच आहेत, छळानें आणि आजारानें त्रासलेले, आणि सोबत्यांना मिळालेल्या मुकुटाचे वांटेकरी होण्यास आपण पात्र नव्हतों, असें म्हणतात. वाचणारा त्यास विनय म्हणेल. मला त्यांत तोच रुग्णशय्येवरील प्रश्न ऐकूं येतो.

त्यांस उत्तर मिळालें, असें त्यांच्या लेखनांत कोठेंहि दिसत नाहीं. कामें मात्र दिसतात. पुढें १३२९ मध्यें बावीसावे पोप जॉन यांनीं त्यांस कोल्लमचे बिशप नेमिलें. पूर्वेकडील नवलांविषयीं त्यांनीं एक पुस्तक लिहिलें आहे. त्यांत आपला फणस आहे, एकट्यानें उचलण्यास जड आणि पांच माणसांस पुरेल एवढा. आणि आंब्याची गोडी तर शब्दांत सांगतां येत नाहीं, असें ते म्हणतात! ज्या हातांनीं चार सोबत्यांस माती दिली, त्याच हातांस आंब्याविषयीं लिहावेंसें वाटलें, याचें मला मोठें आश्चर्य वाटतें, आणि आनंदहि.

आपल्या ठाकुर्लींतहि जुलै २०१५ मध्यें एक जुनी इमारत कोसळून माणसें दगावलीं. अशा वेळीं लोक म्हणतात, "ज्याचें भरलें तो गेला." संत लूकच्या शुभवर्तमानांत शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसें मेल्याची गोष्ट आहे. तीं इतरांहून अधिक पापी नव्हतीं, एवढें प्रभु स्पष्ट सांगतात. तींच कां मेलीं, हें सांगत नाहींत. संत योहानाच्या शेवटच्या अध्यायांत, स्वतःच्या मरणाचें भाकीत ऐकलेला पेत्र दुसऱ्या शिष्याकडे बोट दाखवून, याचें काय, असें विचारतो. त्यालाहि उत्तर मिळत नाहीं. माझ्या मागें ये, एवढेंच सांगितलें जातें.

म्हणून "देवाला चांगलीं माणसें आवडतात, तो तींच आधीं नेतो," हें समाधान शोकाकुल घरीं कोणीं बोलूं नये, अशी माझी कळकळीची विनंति आहे. राहिलेल्यानें त्याचा अर्थ काय घ्यावा? आपण वाईट, म्हणून राहिलों? कोणीं मला तो प्रश्न विचारला, म्हणजे मी गेलेल्याचें नांव विचारतों, आणि तो कसा होता तें सांगा म्हणतों. मग आजारी मनुष्य उशीला टेकून बसतो, आणि पुष्कळ वेळ बोलत राहतो.