टूरिंगच्या मोटारसायकलला जीपीएस बसवताना



लांबच्या प्रवासाला मोटारसायकल काढणारे आता आपल्याकडे पुष्कळ आहेत. कुणी आंबोलीमार्गे गोव्याला उतरतं, कुणी रेल्वेने गाडी चंदीगडला पाठवून पुढे मनाली-लेहचा रस्ता धरतं. हँडलवर रस्ता दाखवणारं यंत्र सगळ्यांनाच हवं असतं, आणि अनेक जण ते निघण्याच्या आदल्या दिवशी ॲक्सेसरीच्या दुकानातून बसवून घेतात. दुकानातला मुलगा हेडलाइटमागे हात घालतो, हॉर्नची वायर सोलतो, नवी वायर तिला पिळतो आणि वर काळी टेप गुंडाळतो. यंत्र लागतं, पैसे दिले जातात. माझं स्पष्ट मत आहे की हे काम असं उरकून घेऊ नये. ते घरी, स्वतःच्या हाताने, निघण्याच्या निदान दोन आठवडे आधी करावं. हत्यारं साधी लागतात आणि सकाळी सुरू केलेलं काम दुपारपर्यंत आटोपतं. मुख्य म्हणजे वायर कुठून कुठे गेली आहे हे तुम्हाला पाठ होतं. पुढे मनाली-लेहच्या वाटेवर सार्चूच्या आसपास यंत्र बंद पडलं, तर नेमका कुठे हात घालायचा ते तुम्हालाच माहीत असतं. तिथे दुसरं कुणी मदतीला येईलच असं नाही.

आता पहिला प्रश्न असा येतो, की मोबाइल असताना वेगळं यंत्र कशाला? शहराजवळच्या सहलीला मोबाइल पुरतो. पण मोठ्या इंजिनाची थरथर हँडलमधून थेट फोनच्या कॅमेऱ्यात जाते. ॲपल कंपनीने २०२१ मध्ये आपल्या ग्राहकांना तशी सूचनाच दिली होती, की मोटारसायकलच्या कंपनांमुळे आयफोनच्या कॅमेऱ्यातली स्थिरता राखणारी यंत्रणा बिघडू शकते. शिवाय मे महिन्याच्या उन्हात फोन तापून बंद पडतो आणि पावसाचे थेंब पडले की पडदा बोटाचं ऐकत नाही. लडाखमध्ये तर महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम चालतच नाही, पोस्टपेड लागतं. जीपीएस यंत्राला सिमची गरज नसते. सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांचे संदेश ते फक्त ऐकतं, आणि नकाशा त्याच्या पोटातच साठवलेला असतो. फोनच वापरायचा असेल तर जुना फोन घ्या, त्यात नकाशे आधी उतरवून ठेवा आणि कंपन शोषणारा रबरी होल्डर लावा. पुढे जे वायरिंग सांगणार आहे, ते दोन्हींना सारखंच लागू आहे.

आणखी एक सावधगिरी. उपग्रहामार्फत मेसेज पाठवणारी यंत्रं परदेशातून आणण्याची सध्या हौस दिसते. ती नुसती ऐकत नाहीत, बोलतातही. आपल्या देशात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय ती बाळगणं गुन्हा आहे. परदेशातल्या नातेवाइकांकडून असं काही मागवलं असेल, तर ते गाडीवर लावू नका.

यंत्र बसवायचं कुठे? स्पीडोमीटरच्या वर किंवा शेजारी, नजर रस्त्यावरून फार खाली न जाता दिसेल असं. स्पीडोमीटर, इंडिकेटरचे दिवे आणि ऑइलचा लाल दिवा झाकला जाता कामा नये. टाकीवर बसवू नका, कारण तिथे बघायला मान पूर्ण खाली घालावी लागते. क्लॅम्प घेताना हँडलचा व्यास मोजा. बहुतेक गाड्यांचा २२ मिलिमीटर असतो, काही मोठ्या ॲडव्हेंचर गाड्यांचा मध्यभागी २८ असतो. आपल्या कायद्यातही ऑक्टोबर २०२० पासून हे आलं आहे, की गाडी चालवताना हातातलं उपकरण वापरायचं ते केवळ रस्ता पाहण्यासाठी, आणि तेही चालकाचं लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. तेव्हा पत्ता घालायचा तो गाडी थांबवूनच.

आता खरं काम, विजेचं. इथे मी जरा थांबणार आहे, कारण चुका होतात त्या इथेच.

काम सुरू करण्यापूर्वी मल्टिमीटरने बॅटरी तपासा. इंजिन बंद असताना चांगली बॅटरी साडेबारा व्होल्टच्या थोडी वर दाखवते. इंजिन चालू करून थोडा वेग दिला की साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट यायला हवेत. काटा पंधराच्या वर गेला तर गाडीचा रेग्युलेटर बिघडलेला आहे. तो आधी बदला, मगच नवं यंत्र जोडायचं बघा.

मग इंजिन गार होऊ द्या, किल्ली काढा, सीट काढा. बॅटरीची निगेटिव्ह बाजू आधी सोडवायची, पॉझिटिव्ह नंतर. जोडताना बरोबर उलट, पॉझिटिव्ह आधी. गाडीची सगळी चासी निगेटिव्हला जोडलेली असते. निगेटिव्ह तशीच ठेवून तुम्ही पॉझिटिव्हच्या स्क्रूवर पाना लावलात आणि पान्याचं दुसरं टोक चासीला टेकलं, तर बॅटरीचा सगळा करंट त्या पान्यातून जातो. ठिणगी उडते, पाना चिकटतो, हात भाजतो. निगेटिव्ह आधी सोडली की तोच पाना चासीला टेकला तरी काही होत नाही.

यंत्राला करंट लागतो थोडाच. पाच व्होल्टला दोन अँपिअर धरले तरी दहा वॉट होतात, म्हणजे बॅटरीकडून एक अँपिअरच्या आसपास. त्यासाठी दोन किंवा तीन अँपिअरचा फ्यूज पुरे. छोट्या पात्याच्या फ्यूजमध्ये दोनचा करड्या रंगाचा असतो, तीनचा जांभळा. हा फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतराच्या आतच बसवा. पुष्कळांना वाटतं, फ्यूज यंत्र वाचवण्यासाठी असतो. तो वायर वाचवण्यासाठी असतो. ही वायर पेट्रोलच्या टाकीखालून जाणार आहे. वाटेत ती कुठे घासून उघडी पडली आणि चासीला टेकली, तर दुचाकीची छोटी बॅटरीसुद्धा तिच्यात इतका करंट ढकलते की वायर लालबुंद होते. फ्यूज हँडलजवळ असेल, तर बॅटरीपासून तिथपर्यंतची वायर बिनसंरक्षणाचीच राहते.

यंत्र बॅटरीला डायरेक्ट जोडून सोडून देऊ नका. पडदा बंद केला तरी बॅटरीचे व्होल्ट यंत्रापुरते पाचवर उतरवणारी डबी थोडा करंट खातच असते. बॅटरी आठ अँपिअर-तासांची असेल आणि यंत्र शंभर मिलिअँपिअर ओढत असेल, तर ऐंशी तासांत बॅटरी पूर्ण रिकामी होते. सेल्फ तर त्याच्या कितीतरी आधी मान टाकतो. म्हणून करंट किल्लीबरोबर चालू-बंद व्हायला हवा. काही गाड्यांना सीटखाली किंवा हेडलाइटमागे ॲक्सेसरीसाठी मोकळा कनेक्टर दिलेला असतो. आधी गाडीच्या पुस्तिकेत तो शोधा, सापडला तर निम्मं काम तिथेच झालं. नसेल तर एक छोटा रिले, म्हणजे विजेने चालू-बंद होणारा स्विच, घ्या. त्याच्या पायांवर आकडे असतात. तीस नंबरच्या पायाला फ्यूजमधून आलेली बॅटरीची पॉझिटिव्ह, सत्त्याऐंशीला यंत्राची लाल वायर, पंच्याऐंशीला निगेटिव्ह आणि शहाऐंशीला किल्ली लावल्यावर जिवंत होणारी वायर. ही शेवटची टेललाइटची घ्या. किल्ली चालू-बंद करून टेस्ट लॅम्पने ती नक्की करा. रिले या वायरीतून जेमतेम पाव अँपिअर किंवा त्याहूनही कमी घेतो, त्यामुळे मूळ वायरिंगवर भार पडत नाही. एबीएसच्या किंवा फ्युएल इंजेक्शनच्या वायरींना मात्र काही केल्या हात लावायचा नाही. हॉर्नच्या वायरीलाही नाही. हॉर्न वाजताना तिथे व्होल्टचे झटके बसतात, आणि सैल जोड निघाला तर नेमका घाटातल्या वळणावर हॉर्न मुका होतो. गाडी वॉरंटीत असेल, तर मूळ वायरिंगला काहीही जोडण्याआधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारून घ्या.

वायर नेताना मुख्य हार्नेसच्या सोबतीने, टाकीखालून न्या. सिलिंडर आणि सायलेन्सरच्या नळीपासून दूर ठेवा. हँडल जिथे वळतं तिथे वायरीला थोडी ढील द्या, आणि झिप टाय घट्ट आवळू नका. मग हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे फिरवून बघा. वायर ताणली जाता कामा नये. दोन्ही टोकांना ॲक्सिलरेटर पिळून सोडा, तो टक्कन परत आला पाहिजे. नंतर इंजिन न्यूट्रलमध्ये चालू ठेवून तेच करा. हँडल वळवताना इंजिनाचा आवाज चढला, तर तुमची वायर ॲक्सिलरेटरच्या केबलला अडकते आहे. ती सोडवल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका. ही चाचणी मी सगळ्यांत महत्त्वाची मानतो.

जोड क्रिंप करा आणि त्यावर उष्णतेने आवळणारी स्लीव्ह चढवा. नुसता झाळ दिलेला जोड कंपनांमुळे झाळेच्या कडेला तुटतो, आणि टेपचा गोंद उन्हाळ्यात पाघळून टेप आपोआप सुटते. पावसाने उपग्रहाचा सिग्नल जातो असं अनेक जण समजतात. त्या लहरींना पाऊस जवळपास अडवतच नाही. ताम्हिणीसारख्या अरुंद घाटात सिग्नल चुकतो, तो दोन्ही बाजूंच्या कड्यांमुळे. पाऊस बिघाड करतो तो पिनांमध्ये शिरून. किनाऱ्यावर खारी हवा त्याच पिनांवर हिरवट थर चढवते. कनेक्टर बंद करण्यापूर्वी त्याच्या रबरी सीलवर डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ थर द्या आणि त्याचं तोंड खालच्या बाजूला ठेवा.

गाडी रेल्वेने लांब पाठवली असेल, तर उतरवल्यावर यंत्र उघड्या आकाशाखाली चालू करून थोडं थांबा. उपग्रहांच्या जागांची संपूर्ण माहिती उपग्रहाकडूनच मिळवायची झाली, तर तिला साडेबारा मिनिटं लागतात. बंद गोदामात यंत्र काही दाखवत नाही म्हणून वायरिंग उकलायला बसू नका.

बसवून झाल्यावर शंभर-दीडशे किलोमीटरची एक फेरी मारा. परत आल्यावर क्लॅम्पचे स्क्रू, झिप टाय आणि वायर टाकीच्या कडेला कुठे घासली आहे का, एवढं पाहा. प्रवासात सीटखाली त्याच अँपिअरचे दोन जादा फ्यूज ठेवा. नवा घातलेला फ्यूजही लगेच उडाला, तर त्याच्या जागी मोठा फ्यूज किंवा चांदीचा कागद घालू नका. फ्यूज काढलेलाच ठेवा, यंत्र बॅगेत टाका आणि रस्ता विचारत पुढे जा. तारेची तपासणी मुक्कामाला पोहोचल्यावर, उजेडात करा.