उतारवयातील आठवणी आणि लेखनवर्ग



सत्तर पावसाळे पाहिलेल्या माणसाला लिहावयास शिकविण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न पुष्कळदा विचारला जातो. अनुभव त्याच्या गाठी असतो, भाषा मुखी असते. मग वर्ग कशासाठी?

एकट्याने लिहावयास बसलेली वृद्ध व्यक्ती बहुधा जन्मापासून आरंभ करते आणि कुळाची माहिती संपण्यापूर्वीच वही बंद पडते. वर्गात मात्र आठवड्याला एकच प्रसंग लिहावयाचा व तो इतरांना वाचून दाखवावयाचा असतो. ऐकणारे प्रश्न विचारतात आणि त्या प्रश्नांतूनच लेखन घडत जाते.

उदाहरणार्थ, १९७२ चा दुष्काळ. ‘तो दुष्काळ फार भीषण होता’ एवढे कोणीही लिहील. परंतु दुष्काळी कामावर खडी फोडताना तान्हे मूल कोठे निजविले जाई, मजुरीचे पैसे प्रथम कशावर खर्च होत, सुकडी आणि परदेशातून आलेली मिलो ज्वारी मुलांच्या घशाखाली कशी उतरे, हे ज्याने हाती हातोडा धरला तोच सांगू शकतो. त्या वेळी विशीत असलेली माणसे आज सत्तरी ओलांडून गेली आहेत. सरकारी दप्तरात मजुरांची संख्या मिळते; हा तपशील मिळत नाही. तो आताच लिहिला गेला नाही, तर त्या पिढीबरोबरच नाहीसा होईल.

शिक्षण तुटपुंजे असणे ही यातील अडचण नव्हे. लक्ष्मीबाई टिळक विवाहानंतर लिहावाचावयास शिकल्या. त्यांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागली, तेव्हा त्यांनी पासष्टी ओलांडली होती. शांताबाई कांबळे यांनी शिक्षिकेच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर लेखणी हाती घेतली आणि १९८६ मध्ये ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ पुस्तकरूपाने आले. दोघींनीही बोलण्यातली भाषा टाकली नाही. म्हणूनच अहिराणी वा वऱ्हाडी वळणाचे लेखन ‘शुद्ध’ करण्याचा मोह टाळणे, हे वर्ग घेणाऱ्याचे पहिले कर्तव्य ठरते.

खरी अडचण निराळी आहे. आठवणी एकट्या लिहिणाऱ्याच्या नसतात. भावकीतील तंटा, सुनेला झालेला जाच, फेडता न आलेले कर्ज यांच्या नोंदीने हयात माणसे दुखावू शकतात. अशा वेळी डोळ्यांनी पाहिलेले आणि ऐकीव यांची फारकत करण्याची सवय वर्गात लागते. लिहिणे आणि छापणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे उमगले की लेखणी मोकळी होते. छापण्याचा निर्णय मागाहून घेता येतो.

अशा वर्गास मोठा खर्च लागत नाही. गावच्या ग्रंथालयातील एक खोली, आठ-दहा माणसे आणि आठवड्यातील दोन तास पुरेसे होतात. ज्याला लिहिता येत नाही त्याने सांगावे, नातवंडाने उतरवून घ्यावे. लिहिणाऱ्याची संमती असल्यास वहीची एक प्रत ग्रंथालयात राहावी, म्हणजे गावाचा इतिहास गावातच जतन होईल.