आजारी मासा आणि हौशी हात



कोलकात्यात स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींनी इथल्या लोकांकडून माशांचे प्रेम दोन परींनी उचलले : एक ताटातले आणि दुसरे काचेच्या टाकीतले. आजचा विषय दुसऱ्या प्रेमाचा आहे. रविवारी गॅलिफ स्ट्रीटच्या बाजारातून हौसेने आणलेला मासा चार दिवसांत कोपरा धरतो, अन्न सोडतो. आणि प्रश्न उभा राहतो की, जोखमीच्या उपचाराचे धाडस आपण करावे काय?

धाडसाच्या बाजूने एक खरा मुद्दा आहे. माशांचे आजार जाणणारे पशुवैद्य विरळा, आणि आजारी मासा वाट पाहत नाही. म्हणून हौशी माणसाने स्वस्थ बसावे, असे आम्ही म्हणणार नाही. मात्र पहिला उपचार माशावर न करता पाण्यावर करावा. माशांच्या कल्ल्यांतून सुटणारा आणि उरलेले खाद्य कुजून होणारा अमोनिया नव्या टाकीत साठत जातो. तो पचविणारे जिवाणू पुरेसे वाढण्यास कित्येक आठवडे लागतात. अशा पाण्यात गुदमरणारा मासा रोगी भासतो, पण त्याला हवे असते ते स्वच्छ पाणी. टाकीतील चौथा हिस्सा पाणी बदलावे, नळाच्या पाण्यातील क्लोरिन हायपोने घालवावा, हवेचा पंप चालू ठेवावा. यात गमावण्यासारखे फारसे काही नाही.

औषधाची गोष्ट निराळी. हिवाळ्यात पाणी गार पडले की पांढऱ्या ठिपक्यांचा रोग डोके वर काढतो. त्याचा परजीवी त्वचेखाली दडलेला असताना औषध त्याला गाठत नाही. तो पाण्यात मोकळा पोहू लागतो तेव्हाच मरतो. हे ठाऊक नसलेला मनुष्य, ठिपके दुसऱ्या दिवशी गेले नाहीत म्हणून मात्रा दुप्पट करतो आणि रोगातून वाचू शकला असता असा मासा औषधाने दगावतो. मोरचुदाची परजीवीला मारणारी मात्रा आणि माशाला मारणारी मात्रा यांत अंतर थोडेच असते. फॉर्मालिन पाण्यातील प्राणवायू घटविते. त्याच्या बाटलीत पांढरा साका दिसला तर ते वापरूच नये, इतका तो साका विषारी असतो.

फुगलेल्या गोल्डफिशच्या पोटात सुई घालणे, किंवा जलोदराने खवले उभे राहिलेल्या माशास अंदाजाने प्रतिजैविके देणे, हे तर आम्हाला सर्वस्वी अमान्य आहे. सुई कोणत्या अवयवात शिरली, हे बाहेरून कळत नाही. आणि जलोदर हे लक्षण आहे, त्यामागचे कारण अनेकदा निकामी मूत्रपिंडात असते. अंदाजाने दिलेली प्रतिजैविके टाकीतील उपयोगी जिवाणूही मारू शकतात.

तेव्हा आमचा नियम साधा आहे. रोग ओळखला असेल, टाकीतील पाण्याचे लिटर मोजले असतील आणि चूक दिसताच पाणी बदलून औषध आवरता येणार असेल, तरच ते वेगळ्या भांड्यात द्यावे. जे परत घेता येत नाही, ते जाणकाराच्या हाती सोपवावे. ‘काहीतरी केलेच पाहिजे’ ही तळमळ आपल्या मनाची असते. सोसावे मात्र माशाला लागते, आणि त्याला नकार देता येत नाही.

नवा मासा तीन-चार आठवडे निराळा ठेवण्याचा संयम ज्याने पाळला, त्याच्यावर अशा धाडसाची वेळ क्वचितच येईल. एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.