हनिमूनसाठी समुद्र निवडताना : आधी महिना, मग किनारा

(आजच्या भागाचा लिखित मजकूर. बोलण्याच्या ओघातली वाक्यं शक्यतो तशीच ठेवली आहेत.)

 

दसरा झाला की आपल्याकडे येणाऱ्या मेलचा विषय बदलतो. तुळशीचं लग्न लागलं की पुढे आपल्या घरातली लग्नं असतात. हॉल ठरलेला असतो, केटरर ठरलेला असतो, आणि मग कुणाच्या तरी लक्षात येतं की अरे, फिरायला कुठे जायचं ते राहिलंच! या आठवड्यात नाशिकहून एक मेल आलाय. तिच्या परवानगीने थोडक्यात वाचते.

"ताई, माझं लग्न डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आहे. अरेंज्ड मॅरेज. हनिमूनला समुद्रावर जायचं हे दोघांनाही मान्य आहे. त्याला बाली हवंय, कारण त्याच्या ऑफिसातले सगळे बालीला जाऊन आलेत. होणाऱ्या सासूबाई म्हणतात, गोव्याला जा. दोघांचं मिळून बजेट दीड लाख आणि सुट्टी सहा दिवस. मला पाण्याची भीती वाटते, लहानपणी विहिरीत पडले होते. हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही. कुठे जाऊ?"

या मेलमधलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य शेवटून दुसरं आहे. त्याच्याकडे मी येणारच आहे. पण आधी समुद्राबद्दल बोलू.

आपण जागा कशी निवडतो? फोटो बघून. निळं पाणी, पांढरी वाळू, झोपाळा. फोटोत सगळं असतं, फक्त तो कुठल्या महिन्यात काढलाय हे नसतं. आणि समुद्राच्या बाबतीत महिना हीच मुख्य गोष्ट आहे. माझंच सांगते. आमचं लग्न मेच्या शेवटी झालं आणि आम्ही जूनच्या पहिल्या आठवड्यात कोवळमला गेलो. मान्सून १ जूनच्या सुमाराला केरळात येतो, हे शाळेत पाठ केलेलं होतं, त्यावर मार्कही मिळवले होते! पण बुकिंग करताना ते आठवलं नाही. किनाऱ्यावर लाल झेंडे आणि पाण्याकडे वळलं की लाइफगार्डची शिट्टी. चार दिवस आम्ही खोलीत बसून पत्ते खेळलो. आज हसू येतं, तेव्हा रडू येत होतं.

म्हणून पहिला नियम : आधी लग्नाचा महिना बघा, मग त्या महिन्यात कुठला समुद्र शांत असतो ते बघा.

लग्न नोव्हेंबर ते फेब्रुवारीत असेल तर आपला पश्चिम किनारा उत्तम. कोकण, गोवा, गोकर्ण, केरळ, सगळीकडे हवा कोरडी आणि समुद्र शांत. लक्षद्वीपही चालेल, पण तिथे प्रवेशाचा परवाना लागतो, तो आधी काढा. अंदमान डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत छान. त्याआधी बंगालच्या उपसागरात परतीचा पाऊस आणि वादळं असू शकतात, आणि बोटी रद्द झाल्या तर एका बेटावर तुम्ही आणि दुसऱ्या बेटावर तुमचं हॉटेल, असं होतं. मालदीव साधारण जानेवारी ते एप्रिल कोरडं. थायलंडमध्ये फुकेत आणि क्राबी नोव्हेंबर ते एप्रिल चांगले. पण त्याच देशातलं कोह सामुई दुसऱ्या बाजूच्या समुद्रात आहे. तिथे ऑक्टोबर ते डिसेंबर जोरदार पाऊस असतो. देश एकच, पण ऋतू वेगळा.

आता बाली. बाली विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे. तिथला पावसाळा नोव्हेंबर ते मार्च. म्हणजे आपली लग्नं जोरात असतात तेव्हा तिथे पाऊस जोरात. रोज दिवसभर पडतो असं नाही, पण डिसेंबर-जानेवारीत फोटोतलं निळं पाणी मिळेलच याची खात्री नाही. बालीसाठी चांगला काळ एप्रिल ते ऑक्टोबर. म्हणजे मेमध्ये लग्न असणाऱ्यांनी बालीचा विचार जरूर करावा. आणि मार्चमध्ये जाणार असाल तर 'न्येपी'ची तारीख बघून घ्या. तिथलं हे शक नववर्ष, बऱ्याच वर्षी आपल्या पाडव्याच्या आसपासच येतं. त्या दिवशी पूर्ण बेट बंद असतं. रस्ते बंद, दिवे मंद, विमानतळसुद्धा चोवीस तास बंद. पर्यटकांनीही हॉटेलच्या बाहेर पडायचं नाही.

मे-जूनच्या लग्नांना आणखी एक पर्याय लोकांच्या लक्षात येत नाही : श्रीलंकेचा पूर्व किनारा. त्रिंकोमाली वगैरे. आपल्याकडे मान्सून जोरात असतो तेव्हा तिकडे कोरडं असतं. उलट गाल, बेंटोटा हा नैर्ऋत्येकडचा किनारा डिसेंबर ते मार्चसाठी.

दुसरा मुद्दा. समुद्रावर जाऊन तुम्ही करणार काय? हसू नका, गंभीर प्रश्न आहे! काहींना नुसतं किनाऱ्यावर बसायचं असतं. काहींना गुडघाभर पाण्यात खेळायचं असतं. काहींना पाण्याखाली जाऊन मासे बघायचे असतात. काहींना समुद्र फक्त खिडकीतून हवा असतो आणि संध्याकाळी गाणी, गर्दी, बाजार. हे चार वेगळे किनारे आहेत. गर्दी हवी तर कळंगुट-बागा. शांतता हवी तर दक्षिण गोवा नाहीतर आपलं वेळणेश्वर, भोगवे. पाण्याखालचं जग हवं तर अंदमान, लक्षद्वीप, किंवा घराजवळ तारकर्ली. पुदुच्चेरी सुंदर शहर आहे, पण गावासमोरचा किनारा बराचसा दगडांचा आहे, तिथे पोहायला म्हणून जाऊ नका. आणि मालदीव! रिसॉर्टवर जाल तर एका छोट्या बेटावर तुम्ही दोघं आणि पाणी. ज्यांना तिसऱ्या दिवशी कंटाळा येतो, त्यांनी हे पैसे भरण्याआधी एकमेकांना विचारावं. स्थानिक बेटांवरची गेस्टहाउस स्वस्त पडतात, पण तिथे दारू मिळत नाही आणि पोहण्याचे कपडे ठरलेल्या किनाऱ्यावरच चालतात.

दोघांनी वेगवेगळ्या कागदावर लिहा : मला तिथे सकाळी काय करायचंय, दुपारी काय, संध्याकाळी काय. मग कागद बदला. दहा मिनिटांचं काम आहे. दोन्ही कागदांत जे सारखं निघेल, त्यावरून जागा ठरवा.

तिसरं, दिवस मोजा. सहा दिवसांची सुट्टी म्हणजे सहा दिवसांचा समुद्र नव्हे. लग्नानंतर सत्यनारायण असतो, कुलदैवताचं दर्शन असतं, कुणाकडे जागरण-गोंधळ असतो. लग्नाच्या दुसऱ्या दिवशीचं पहाटेचं विमान कृपा करून घेऊ नका. मेंदी ओली, डोळ्यांत झोप, आणि सासरचे म्हणणार, पूजा व्हायच्या आधीच निघाले! घरातल्या मोठ्यांना विचारून पूजेची तारीख आधी पक्की करा, मग तिकीट काढा. मुलींनो, पाळीची तारीखही बघा. पूजेसाठी घरचे बघतातच, स्वतःच्या आनंदासाठी आपणही बघावी. आणि हे नवऱ्याला सांगायला लाजू नका.

प्रवासाचे तासही मोजा. अंदमानात विमानतळावर उतरलात म्हणजे पोचलात असं नाही. हॅवलॉक, म्हणजे आताचं स्वराज द्वीप, तिथे जायला पुढे बोट लागते. अंदमान आपल्या पूर्वेला खूप लांब आहे, पण घड्याळ आपलंच. डिसेंबरमध्ये सूर्यास्त संध्याकाळी पाचच्या सुमाराला! राधानगरच्या किनाऱ्यावर सूर्यास्त बघायचा तर दुपारची झोप विसरा. मालदीवला सीप्लेन फक्त दिवसाउजेडी उडतं. तुमचं विमान संध्याकाळी पोचलं तर पहिली रात्र मालेत काढावी लागते, आणि तिचं बिल वेगळं. गोव्यात मोपाला उतरून पाळोळ्याला जाणं म्हणजे अख्खा गोवा उत्तर-दक्षिण पार करणं. दक्षिणेला जायचं तर दाबोळी किंवा मडगाव सोयीचं.

चौथी गोष्ट कागदपत्रांची. माझ्या मावसभावाने लग्नाआधी परदेशाची तिकिटं काढली. हौसेने बायकोचं नाव लग्नानंतरचं टाकलं. तिचा पासपोर्ट अर्थातच माहेरच्या नावाचा. जायच्या दोन दिवस आधी लक्षात आलं, आणि तिचं तिकीट रद्द करून नवीन काढावं लागलं. तर पासपोर्टवर जे नाव आहे तेच तिकिटावर, अक्षरसुद्धा इकडचं तिकडे नको. देशात फिरताना आधारचंही तसंच. नाव बदलायचं असेल तर परत आल्यावर निवांत बदला, आणि नसेल बदलायचं तर तोही तुमचा निर्णय. पासपोर्टची मुदत निदान सहा महिने शिल्लक हवी. पॅकेजच्या किमतीत काय नाही हे लेखी विचारा : बोट, सीप्लेन, व्हिसा, स्थानिक कर, टीसीएस. बालीला व्हिसाचे पैसे वेगळे, आणि २०२४ पासून पर्यटकांकडून दीड लाख रुपिया वेगळे घेतात. घाबरू नका, त्यांचे रुपिया, आपले नव्हेत!

आता सुरक्षितता. लग्नाच्या आनंदात आपण समुद्राला विसरतो, हे बरं नाही. २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटली आणि लोकांचे जीव गेले. लाइफ जॅकेट फोटोपुरतं नसतं, बोटीत बसण्याआधी घाला आणि उतरल्यावर काढा. मेच्या शेवटी समुद्र खवळायला लागतो, तेव्हा 'शेवटची फेरी' म्हणून कुणी आग्रह केला तर नको म्हणा. लाटेने आत ओढलं तर सरळ किनाऱ्याकडे झुंजू नका, दम संपतो. किनाऱ्याला समांतर सरका आणि हात वर करून मदत मागा. स्कूबा केल्यावर निदान १८ तास विमानात बसू नका. म्हणजे स्कूबा शेवटच्या दिवशी नको.

कोकणात जाणार असाल तर भरतीचा जुना हिशोब लक्षात ठेवा. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला सहा. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, त्या दिवशी खडकांवर सेल्फी नकोच. हा अंदाज आहे हं, अचूक वेळ स्थानिक माणसाला विचारायची.

आता नाशिकच्या माझ्या मैत्रिणीकडे येते.

तुझा महिना डिसेंबर, म्हणजे बाली बाजूला. हे त्याला 'तुझी आवड वाईट' असं सांगू नकोस. 'तिथे तेव्हा पावसाळा आहे, आपण मेमध्ये जाऊ' असं काहीतरी सांग. दीड लाखात डिसेंबरचं बाली ओढून ताणून बसेलही, पण सगळी सहल हिशोब करण्यात जाईल. पहिल्या पंधरवड्यातलं अंदमानही थोडं जोखमीचं.

मी तुझ्या जागी असते तर असं केलं असतं. मुंबईहून रात्रीची कोकण रेल्वे धरून सकाळी कुडाळ. तिथून तासाभरात मालवण, पुढे देवबाग. तिथे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी. त्याला पाण्याखाली जायचं असेल तर तारकर्लीला स्कूबा आहे. तू किनाऱ्यावर बस, नाहीतर नदीच्या शांत पाण्यात जॅकेट घालून बोटीने संगमापर्यंत जा. सिंधुदुर्ग किल्ला बघा. घरगुती खाणावळीत जेवा. मासे खात नसलात तरी काळ्या वाटाण्याची उसळ, आंबोळी, सोलकढी आहेच. दोन-तीन रात्रींनी रेल्वेने मडगाव, पुढे पाळोळे. तिथे अर्धचंद्रासारखी खाडी आहे, पाणी हळूहळू खोल होतं, लाटा बेताच्या. पाण्याची भीती असणाऱ्या माणसाने पहिल्यांदा पाय भिजवायला ही जागा चांगली. सासूबाईंचं गोवाही झालं! परतताना मंगला एक्सप्रेस मडगावहून थेट नाशिकरोडला येते. नाताळच्या आठवड्यात गोव्याचे दर चढतात, त्याच्या आत तुम्ही घरी. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, तेव्हा वेळ घालवू नका.

पण हे सगळं नंतर. त्याआधी एक फोन कर. विहिरीची गोष्ट त्याला सांग. लग्नानंतर नको, बोटीत बसल्यावर तर नकोच, आजच सांग. तुला भीती वाटते हे माहीत नसलेला माणूस प्रेमानेच तुला पाण्यात ओढेल, आणि तू घाबरून ओरडलीस की त्यालाही कळणार नाही काय चुकलं. माहीत असेल तर तोच हात धरून उभा राहील. आणि समजा ऐकून तो हसला, 'त्यात काय एवढं' म्हणाला, तर न रागावता पुन्हा सांग. दोघांनी मिळून केलेला हा पहिला बेत आहे. पुढे घर घ्यायचं, नोकरी बदलायची, आई-बाबांचं आजारपण, सगळं असंच बोलून ठरवायचंय. सवय आतापासून लागलेली बरी.

काय झालं ते मेल करून नक्की कळव. आणि बाकीच्या मंडळींनो, तुमच्या हनिमूनचे फसलेले बेतही कळवा, कोवळमचे पत्ते मी एकटीच खेळले नसेन! पुढच्या भागात भेटू. तोवर काळजी घ्या. नमस्कार.