घेतलेला हात, दिलेला हात
(मंडळाच्या हळदीकुंकू समारंभात केलेले भाषण)



मला बोलायला सांगितले तेव्हा मी दोनदा नाही म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंत, आणि बोलायचे कशावर, तर मुष्टियुद्धावर! एकाने दुसऱ्याचे नाक फोडायचे, असला खेळ बायकांच्या सभेत कशाला, असे आपल्याला वाटेल. मलाही तो खेळ आवडत नाही. पण गेल्या दिवाळीत मुलाने ‘सिंड्रेला मॅन’ हा २००५ सालचा इंग्रजी सिनेमा घरी लावला. मी पोळ्या सोडून बघतच राहिले. सिनेमात तिखटमीठ असायचेच, म्हणून मागाहून मुलाकडून खरी हकीकत वाचून घेतली. तीच सांगते.

जेम्स ब्रॅडॉक हा अमेरिकेतला. १९०५ साली न्यूयॉर्क शहरातल्या गरीब वस्तीत जन्मला. आईबाप आयरिश वंशाचे, कष्टकरी. १९२६ साली तो पैसे घेऊन झुंजू लागला आणि त्याचे नाव झाले. पण जुलै १९२९ मध्ये अजिंक्यपदाची झुंज तो पंधरा फेऱ्या लढून हरला. त्याच वर्षाअखेर अमेरिकेत मोठी मंदी आली. साठवलेला पैसा बुडाला. उजवा हात पुन्हा पुन्हा मोडू लागला. झुंजी हरू लागला, मग झुंजी मिळेनाशाच झाल्या. घरात बायको मे आणि तीन लहान मुले.

मग हा गडी गोदीवर मजुरीला जाऊ लागला. जहाजाचा माल चढवायचा-उतरवायचा. तेही काम रोज मिळेलच असे नाही. उजवा हात दुखावलेला, म्हणून सारा भार डाव्या हातावर. शेवटी त्याला सरकारी मदतीच्या रांगेत उभे राहावे लागले. ज्याचे नाव वर्तमानपत्रात छापून येई, त्याने चारचौघांसमोर हात पसरायचा! भगिनींनो, रांगेतले ते पाऊल ठोशापेक्षा जड असते.

जून १९३४ मध्ये ऐनवेळी त्याला एक झुंज मिळाली, अडीचशे डॉलरची. समोरचा पैलवान तरणाबांड. पण ब्रॅडॉकने तिसऱ्या फेरीत त्याला लोळवले. गोदीवर राबून त्याचा डावा हात भक्कम झाला होता. नाइलाजाने केलेले काम असे कामी आले. पुढे आणखी दोन झुंजी जिंकून १३ जून १९३५ रोजी तो जगज्जेत्या मॅक्स बेअरसमोर उभा राहिला. तो जिंकेल असे कोणी धरले नव्हते. पंधरा फेऱ्यांनंतर पंचांनी ब्रॅडॉकला विजयी ठरवले.

पण मला सांगायचे आहे ते निराळेच. हातात पैसा आल्यावर ब्रॅडॉकने सरकारकडून घेतलेली मदत परत केली. कोणी मागितली नव्हती.

१९३७ साली जो लुई या तरुणाने त्याला आठव्या फेरीत हरवून अजिंक्यपद घेतले. लुई हा दुसऱ्याच्या जमिनीवर राबणाऱ्या काळ्या शेतकऱ्याचा मुलगा. त्याच्याही घराने डेट्रॉइट शहरात सरकारी मदत घेतली होती, आणि त्यानेही ती परत केली. रिंगणात एकमेकांचे वैरी, पण दोघांची रीत एकच.

आता घरचे सांगते. चार वर्षांपूर्वी आमच्या ह्यांचा कारखाना बंद पडला. आठ महिने पगार नव्हता. आपल्या मंडळाच्या ‘अडीनडीच्या डब्या’तून माझ्या घरी किराणा आला. आपण दरमहा पन्नास रुपये टाकतो तोच डबा. खजिनदारबाईंनी कोणाला कळू दिले नाही. तरी मला वाटे, साऱ्या आळीला ठाऊक आहे. मी चार महिने मंडळात आले नाही. जिना उतरताना सुद्धा खाली बघत उतरायची. ह्यांना दुसरे काम लागल्यावर थोडे थोडे करून ते पैसे मी डब्यात टाकले. खजिनदारबाई म्हणाल्या, “अहो, गरज नव्हती.” मी म्हटले, “मला आहे.”

आज मात्र वाटते, ते चार महिने मी उगाच घरात बसले. पैसे परत केले याचा मला आनंद आहे. पण ते करता आले नसते, तर मी कमी प्रतीची ठरले असते का? मुळीच नाही. जो लुईचेच बघा. १९४२ साली त्याने दोन झुंजींची कमाई अमेरिकेच्या नौदलाच्या आणि सैन्याच्या मदतनिधीला दिली. पुढे त्याच्याच डोक्यावर कराचे डोंगराएवढे कर्ज झाले. आज देणारा हात उद्या घेणारा होतो. ब्रॅडॉक तरी काय, जगज्जेता राहिलेला माणूस उतारवयात न्यूयॉर्कच्या मोठ्या पुलाच्या बांधकामावर यंत्र चालवत होता. त्यात त्याला कमीपणा वाटला नाही. १९७४ साली तो वारला.

आपल्या आळीत आजही एखादी बहीण अशी असेल, जी डबे खडखडत असताना “आमचे बरे चालले आहे” म्हणते. तिला माझे सांगणे एवढेच, की डबा आपला आहे. घे, आणि मान वर करून मंडळात ये. परत देता आले तर दे. नाही आले तर पुढच्या बाईच्या दारात एक वाटी साखर घेऊन जा, तीही परतफेडच.